आजीकडे, मामाकडे वाढणारी मुले : सांभाळणाऱ्या नातेवाइकांना मदत कशी करावी

आई-वडिलांपैकी कोणी उरले नाही, किंवा असूनही आजारपण, तुरुंगवास, व्यसन अथवा दुसरे लग्न यांमुळे मूल त्यांच्याजवळ राहू शकत नाही, अशा वेळी ते मूल आजीच्या, मामाच्या किंवा चुलत्याच्या घरी जाते आणि भोवतालचे लोक ‘घरातच राहिले, बरे झाले’ असे म्हणून निश्चिंत होतात. मुलाच्या दृष्टीने ते बरे असतेच. पण ज्या घरात ते जाते, त्या घराचा खर्च त्या दिवसापासून वाढतो, घरात कामाचा एक हात मात्र वाढत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने त्या आजीला किंवा मामाला त्या मुलाबद्दल फारसा अधिकारही मिळालेला नसतो. पुढील मार्गदर्शन अशा घराच्या आसपास असलेल्यांसाठी आहे : वेगळे राहणारे इतर नातेवाईक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, सरपंच, शेजारी. सांभाळणारी व्यक्ती बहुधा स्वतः वाचून अर्ज करत बसण्याच्या स्थितीत नसते. तिच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी वाचावे लागते. यातले नियम महाराष्ट्रातले आहेत.

पहिल्या महिन्यात कागद गोळा करावेत

मदतीची सुरुवात पैशापासून करावी असे वाटते, पण अनुभव असा की पैशाची प्रत्येक वाट कागदावरून जाते आणि कागद मिळण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असते. घर बंद होते, भाड्याची खोली रिकामी केली जाते, ट्रंक दुसऱ्या गावी जाते, आणि वर्षभराने मृत आईचे आधार कार्ड कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दिवसकार्य आटोपले की कोणीतरी एकाने, शक्यतो सांभाळणाऱ्या घराबाहेरच्या माणसाने, एक फाइल करावी. तिच्यात मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती, दोन्ही पालकांची आधार कार्डे, मुलाचा जन्म दाखला, रेशनकार्ड, बँकेची सर्व पासबुके आणि मुलाचा शाळेचा दाखला ठेवावा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करणे अपेक्षित असते. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, त्यामुळे घरी झालेल्या मृत्यूची नोंद राहून गेली नाही ना, हे आधी पाहावे.

पासबुके नुसती ठेवू नयेत, भरून आणून वाचावीत. मे-जूनच्या सुमारास 436 रुपये वजा झाले असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो, आणि 20 रुपये वजा झाले असतील तर तो अपघात विम्याचा. या दोन्हींचे संरक्षण प्रत्येकी 2 लाख रुपयांचे आहे आणि खातेदाराला स्वतःलाही त्याची आठवण नसते, मग घरच्यांना कुठून असणार? वडील कारखान्यात किंवा एमआयडीसीत कामाला असतील आणि त्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून आई-वडील दोन्ही नसलेल्या मुलांना वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत निवृत्तिवेतन मिळते, एका वेळी दोन मुलांना. वडील किंवा आई शेतकरी कुटुंबातील असून अपघाताने गेले असतील तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा 2 लाखांचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. या सगळ्या दाव्यांना मुदती असतात आणि त्या मुदतींना कोणाच्या दुःखाची पर्वा नसते.

एक कागद मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मूल आईच्या माहेरी वाढू लागले की वडिलांकडच्या माणसांशी संबंध हळूहळू सुटतो; पण जातीचा दाखला निघतो तो वडिलांच्या बाजूच्या पुराव्यावर. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे मुलाच्या आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेतील उतारा, अथवा जुना महसुली कागद. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मामाने आठ-दहा वर्षे न बोललेल्या व्याह्यांच्या दारात जाऊन हा उतारा मागायचा, यापेक्षा दोन्ही घरे अजून एकमेकांच्या सांत्वनाला येत-जात असतानाच कोणा वडीलधाऱ्याने तो मागून ठेवावा. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रतही तेव्हाच घ्यावी.

दरमहा मिळणारा आधार

महाराष्ट्रात अशा मुलांसाठी मुख्य योजना आहे ती बालसंगोपन योजना, जिचे आताचे पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे आहे. संस्थेत न ठेवता घरीच वाढणाऱ्या 18 वर्षांखालील मुलासाठी तिच्यातून दरमहा 2,250 रुपये मिळतात. ही रक्कम पूर्वी 425 रुपये होती, मग 1,100 झाली. ज्यांनी जुन्या रकमेच्या काळात ‘एवढ्यासाठी कोण खेपा घालणार’ म्हणून अर्ज सोडून दिला होता त्यांना हे मुद्दाम सांगावे. योजना केवळ अनाथांसाठी नाही. एक पालक गेलेला, पालक घटस्फोटित किंवा परागंदा झालेले, पालकाला कर्करोग किंवा एचआयव्हीसारखा गंभीर आजार असलेला, पालक तुरुंगात असलेला, अशा मुलांचाही तिच्यात विचार होतो. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, घरी येऊन चौकशी केली जाते, आणि आदेश देते ती बाल कल्याण समिती. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ही समिती अध्यक्ष आणि चार सदस्यांची असते.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व, म्हणजे स्पॉन्सरशिप, आहे. तिच्यात दरमहा 4,000 रुपये मिळतात आणि नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले तिच्यात स्पष्टपणे धरलेली आहेत. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये आहे. रक्कम मोठी, पण जागा मोजक्या असतात. एका मुलासाठी कोणता अर्ज करणे श्रेयस्कर ठरेल हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात बसून ठरवून घ्यावे. (नावाचा एक घोटाळा येथे नेहमी होतो : करोनाने पती गमावलेल्या महिलांसाठी महाराष्ट्राने 2021 मध्ये तालुका पातळीवर जे काम सुरू केले त्याचेही नाव मिशन वात्सल्यच होते. तहसीलमध्ये नुसते ‘वात्सल्य’ म्हटले तर समोरचा माणूस कोणत्या योजनेबद्दल बोलतो आहे, हे विचारून घ्यावे.) संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही 18 वर्षांखालील अनाथ मुले येतात आणि आजी-आजोबा 65 वर्षांवरील असतील तर त्यांचा स्वतःचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज राहिलेला असतो, दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात एकाच खेपेत होते.

अर्ज अडतो कुठे, हे माहीत असले तर निम्म्या खेपा वाचतात. बालसंगोपनाच्या अर्जाबरोबर मुलाचे व सांभाळणाऱ्याचे आधार, शाळेचा बोनाफाईड दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, मृत्यू दाखला, पासबुक आणि घरासमोर मुलासह काढलेला फोटो असा संच साधारणपणे लागतो. त्यात सर्वांत जास्त वेळ खातात ती नावे. आजीचे आधारावर ‘सुमनबाई’, पासबुकावर ‘सुमन’ आणि रेशनकार्डावर ‘समिंद्रा’. मुलाचे शाळेच्या रजिस्टरात एक आडनाव आणि आधारावर दुसरेच, कारण नोंदणीच्या दिवशी मामा बरोबर गेला होता. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी सगळे कागद एका चटईवर पसरावेत, प्रत्येक कागदावरचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख वहीत एकाखाली एक लिहावी, आणि जे जुळत नाही ते आधी दुरुस्त करून घ्यावे. खाते आधारशी जोडलेले आहे का आणि चालू आहे का, हे बँकेत विचारावे. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते बंद पडलेले असते आणि पैसे मंजूर होऊनही जमा होत नाहीत. मुलाचे बोटांचे ठसे व छायाचित्र पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारमध्ये नव्याने द्यावे लागतात, तेही याच वेळी उरकावे. ज्या दिवशी अर्ज दिला त्या दिवशीची पोच घ्यावी. पोच न घेतलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजून चालावे.

समितीसमोर मुलाला न्यावे लागते. त्याआधी त्याला साध्या शब्दांत सांगावे की तेथील लोक तू कुठे राहतोस, शाळेत जातोस का, असे विचारतील आणि तुला आजीपासून दूर नेण्यासाठी कोणी बोलावलेले नाही. ही भीती मुले बोलून दाखवत नाहीत. आजीलाही तीच भीती असते, आणि केवळ तिच्यापायी अर्ज न करणारी घरे आहेत, म्हणून सोबत जाणाऱ्याने ती स्वतःहून काढून टाकावी.

शिक्षकांना आणि गावाला करता येण्यासारखे

मूल शाळेच्या वर्षाच्या मध्येच गाव बदलून आले असेल तर आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 तसे स्पष्ट सांगतो, आणि वयाच्या पुराव्याअभावीही प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी मुलाला वर्गात बसवून घ्यावे आणि दाखला शाळेनेच शाळेकडून मागवावा. ‘वडिलांची सही आण’ हे वाक्य मात्र शिक्षकांनी आपल्या बोलण्यातून काढून टाकावे. ‘घरच्यांची सही आण’ म्हटल्याने काम तितकेच होते आणि चाळीस मुलांसमोर कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावर असते, तिचे अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडी सेविका असतात. तिच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये, परंतु गावात नातेवाइकांकडे राहणारी मुले कोण आणि त्यांचे अर्ज कुठवर आले, एवढी एक यादी तिने ठेवली तरी तिचे असणे सार्थकी लागेल. बीडसारख्या जिल्ह्यांत ही यादी दिवाळीला एकदम लांबते. ऊसतोडीला जाणारी जोडपी कोयते घेऊन निघतात आणि मुले उन्हाळा लागेपर्यंत म्हाताऱ्यांच्या हवाली असतात. ती अनाथ नसतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण पाच-सहा महिने सत्तरीची आजी चार नातवंडांचा स्वयंपाक, पाणी आणि शाळा एकटीने ओढते. तेथे हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून मुलाच्या जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होऊ शकते. आपल्या गावात ती चालते का आणि मुलाचे नाव यादीत गेले का, हे मुख्याध्यापकांना दिवाळीच्या आधीच विचारावे, गाड्या निघून गेल्यावर नव्हे. आई-वडील कोणत्या कारखान्याच्या टोळीवर आहेत आणि मुकादमाचा फोन नंबर काय, हे शाळेत लिहून ठेवलेले असावे.

पालकत्व आणि जमीन

येथे गोड बोलण्याने काम भागत नाही. सांभाळणे आणि कायदेशीर पालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई गेली आणि वडील हयात असतील, तर मूल कितीही वर्षे आजीकडे राहिले तरी कायद्याने नैसर्गिक पालक वडीलच राहतात. शाळा, दवाखाना आणि रेशन यांपुरते वडिलांचे लेखी संमतिपत्र बहुधा पुरते. त्यांच्याशी संबंध बरे असतील तेव्हाच ते घ्यावे. संबंध बिघडलेले असतील, मुलाच्या नावावर मालमत्ता असेल किंवा दोन्ही पालक नसताना दोन घरे मुलावर हक्क सांगत असतील, तर पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालकत्वाचा आदेश घ्यावा. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे, अर्ज मूल जेथे नेहमी राहते त्या जिल्ह्यात होतो, आणि न्यायालय पाहते ते मुलाचे हित. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे खर्चाच्या भीतीने थांबलेल्यांना सांगावे. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून ‘दत्तक घेतले’ असे समजणारी माणसे अजून भेटतात; तो कागद दत्तक ठरत नाही.

वडिलांच्या नावावर शेत असेल तर वारस नोंद लवकर करून घ्यावी. फेरफार झाल्यावर सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि मोठ्या माणसाचे नाव येते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या मोठ्या माणसाची त्या नोंदीने मालकी होत नाही, ती मुलाचीच असते. आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 नुसार खुद्द नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. तसा व्यवहार झालाच तर मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो रद्द करून मागू शकते. भाऊबंदांनी हे वाचलेले नसते असे नाही, मुलाच्या बाजूच्या कोणी वाचलेले नसते. शेत चुलत्याने कसायचे आणि मूल मामाकडे वाढायचे अशी व्यवस्था असेल, तर वर्षाचा खंड किती, तो कोणत्या महिन्यात आणि मुलाच्या कोणत्या खात्यात जमा होणार, हे दोन्हीकडच्या चार माणसांसमोर लिहून ठेवावे. आमच्या पाहण्यातली बहुतेक भांडणे मुलाच्या ताब्यावरून सुरू झाल्यासारखी दिसतात, पण त्यांच्या तळाशी दीड एकर निघते.

घराच्या आत

नाव मामाचे असते आणि काम मामीचे. डबा, कपडे, ताप, रात्री अंथरूण ओले झाले तर चादर धुणे, हे सगळे जिच्या वाट्याला येते तिला निर्णयाच्या बैठकीत बहुतेकदा चहा करायला आत पाठवलेले असते. मदत करू इच्छिणाऱ्याने पहिला प्रश्न तिला विचारावा, आणि शक्य तर तिला एकटीला विचारावा : तुम्हाला कशाची अडचण होते? उत्तर पुष्कळदा पैशाचे नसते. शनिवारी दुपारी मुलांना कोणीतरी घेऊन जावे, दवाखान्याच्या दिवशी सोबत यावे, किंवा सासूबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ‘आमच्या पोरीची पोरं’ असे म्हणून तिच्या पोरांना परके करू नये, इतके साधे असते. आत्या किंवा दुसरी मावशी असेल तर तिने ‘काही लागलं तर सांग’ असे न म्हणता ठरावीक भार उचलावा : मे महिन्याची सुटी माझ्याकडे, किंवा दोघांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च माझा. काय लागते ते सांगायला लागू नये, यातच अर्धी मदत असते.

वस्तू आणताना घरातल्या सर्व मुलांना सारख्या आणाव्यात. अनाथ म्हणून एकालाच नवा शर्ट दिला की त्याचा हिशेब रात्री मामाची मुले त्याच्याकडून वसूल करतात. सरकारकडून आलेली रक्कम घरखर्चात मिसळली तर तीत अपहार शोधू नये; मूल जेवते ते त्याच घरात. मात्र विम्याची किंवा नुकसानभरपाईची एकरकमी रक्कम मुलाच्या नावावर मुदत ठेवीतच असावी आणि तिची पावती कुठे आहे हे दोन घरांना माहीत असावे.

भावंडे वाटून घेऊ नयेत, एक चुलत्याकडे आणि एक आजोळी असे करू नये. परिस्थितीने करावेच लागले तर त्यांच्या भेटीचे दिवस ठरवावेत आणि त्यांना एकमेकांशी फोनवर बोलू द्यावे. मुलाला आई-वडिलांबद्दल खोटे सांगू नये. ‘बाबा गावाला गेलेत’ हे सांत्वन आठवडाभर चालते, मग शाळेतले कोणीतरी खरे सांगते आणि मुलाचा घरच्यांवरचा विश्वास जातो. वडील तुरुंगात असतील तर तेही वयाला पेलेल अशा शब्दांत घरच्यांकडूनच कळावे. दुसऱ्या बाजूने, ज्या घरात मुलाला मारहाण होते, शाळेतून काढून कामाला लावले जाते किंवा मुलीचे लग्न उरकण्याची बोलणी चालू असतात, तेथे नात्याची भीड धरू नये. मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा क्रमांक चोवीस तास मोफत लागतो.

आजीची प्रकृती हा विषय आजी स्वतः काढत नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत का, डोळ्याचे ऑपरेशन कोणासाठी पुढे ढकलले आहे, हे आशाताईने किंवा लेकीने विचारावे. तिच्यानंतर मूल कोणाकडे जाणार, हेही ती धडधाकट असतानाच, मुलाचे मत घेऊन ठरवून ठेवावे. हे बोलणे अशुभ वाटते, म्हणून ते कोणी करत नाही आणि मग दहाव्याला घाईघाईने ठरते.

अठरा पूर्ण होण्याआधी

बालसंगोपनाचा आधार अठराव्या वर्षी थांबतो, म्हणून सतरावे लागले की तयारी सुरू करावी. आई-वडील दोन्ही नसलेल्या मुलांना महाराष्ट्रात शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. ते 2018 मध्ये सुरू झाले आणि आता संस्थेबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांसाठीही त्यात स्वतंत्र प्रवर्ग आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांकडून, असा त्याचा प्रवास असल्याने वेळ लागतो. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून ते प्रवेशाच्या मुदतीत हाती येईल असे धरू नये. ज्यांचे दोन्ही पालक करोनाने गेले, त्यांच्या नावे राज्य शासनाने 5 लाखांची मुदत ठेव ठेवलेली आहे, आणि केंद्राच्या पीएम केअर्स योजनेत नाव असलेल्यांना वयाच्या 23 व्या वर्षी 10 लाख रुपये मिळतात. त्या वेळी मूल लहान होते, कागद मोठ्यांकडे राहिले, म्हणून त्याला त्याचा खातेक्रमांकही ठाऊक नसतो.

वाढदिवसाच्या आसपास एक दिवस काढून ती जुनी फाइल मुलासमोर उघडावी. मृत्यू दाखले, जातीच्या पुराव्याचे उतारे, ठेवीच्या पावत्या आणि समितीचे आदेश त्याला एकेक करून दाखवावेत. मग त्याला बरोबर घेऊन तलाठ्याकडे जावे, वयाचा दाखला जोडून सातबाऱ्यावरची ‘अ.पा.क.’ची नोंद कमी करण्याचा अर्ज त्याच्या स्वतःच्या सहीने द्यावा, आणि पोच त्याच्याच हातात ठेवावी.